‘त्यांचं वेगळं आहे हो’

मोटिव्हेशनल सेमिनारला गेला असाल तर हा सीन तुम्ही पाहिलाच असेल. हॉल गच्च, एसी जोरात, स्टेजवरचा माणूस सांगतोय की खिशात शंभराची नोट घेऊन शहरात आलो, स्टेशनवर झोपलो, एक वेळ जेवून दिवस काढले आणि आज बघा, मग स्क्रीनवर गाडी, बंगला, परदेशातले फोटो. टाळ्या पडतात. काही जणांच्या डोळ्यात खरंच पाणी येतं. आणि मग सगळे पार्किंगमध्ये येतात, गाडीची चावी शोधतात आणि एकमेकांना म्हणतात, "त्यांचं वेगळं आहे हो."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी स्टेजवर चढलं की मी ऐकणाऱ्यांचीच तोंडं बघत बसते. मी नागपुरात कोचिंग करते, नीट-जेईईचं नाही, नोकरीत अडकलेल्या, नोकरी सुटलेल्या, नवीन पोस्टवर जाऊन गांगरलेल्या मोठ्या माणसांचं. आधी बरीच वर्षं एचआरमध्ये काढली त्यामुळे बहुतेक वेळा कंपन्याच माणसं पाठवतात. आणि माझं मत आता पक्कं झालंय की कोचची भारी जर्नी ऐकून माणूस स्वतःकडे वेगळ्या नजरेने बघायला लागत नाही, तो कोचकडे बघत बसतो आणि घरी जाताना होता त्याहून थोडा लहान होऊन जातो. स्वतःबद्दलचं मत हलतं ते स्वतःचीच गोष्ट परत सांगताना, त्यातला दरवेळी गाळलेला एखादा तुकडा अचानक तोंडातून निघून जातो तेव्हा. कोचच्या गोष्टीचं काम एवढंच की समोरच्याला वाटावं, हां, हे असं असेल तर मग माझंही सांगता येईल.

म्हणून मी माझी गोष्ट सांगते पण अगदी लहान सांगते. मी रामटेकची, कॉलेजला नागपूरला आले तेव्हा कँटीनच्या काउंटरवर जाऊन ऑर्डर द्यायची मला एवढी लाज वाटायची की मैत्रिणीलाच पाठवायचे, आणि ती दोघींसाठी चहा आणायची कारण तिला चहा आवडायचा. मला कॉफी हवी असायची. पहिलं सेमिस्टर मी तो चहा प्यायले. बस, एवढीच गोष्ट. यात मी पुढे काय काय झाले ते सांगत नाही, उलट हे सांगते की आजही इंग्रजीत मोठी मीटिंग असली की माझं पहिलं वाक्य चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवलेलं असतं. ही गोष्ट ऐकून आजवर कोणी रडलेलं नाही. पण "त्यांचं वेगळं आहे" असंही कोणी म्हणत नाही. लोक हसतात आणि मग आपली सांगायला लागतात, कोणी बँकेतला फॉर्म, कोणी सासरचा पहिला गणपती.

यामागे थोडा अभ्यासही आहे बरं का, नुसतं माझं डोकं नाही. १९८२ मध्ये टिमोथी विल्सन आणि पॅट्रिशिया लिनव्हिल या दोघा मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ड्यूक युनिव्हर्सिटीत फर्स्ट इयरच्या अशा पोरांना घेतलं ज्यांना मार्क कमी पडत होते आणि ज्यांना वाटत होतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. त्यातल्या काहींना सीनियर विद्यार्थ्यांचे व्हिडिओ दाखवले, ज्यात ते सीनियर साधं एवढंच सांगत होते की आमचेही सुरुवातीला मार्क कमी आले, नंतर वाढले. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, ज्यांनी व्हिडिओ पाहिले त्यांच्यातले शंभरात पाच कॉलेज सोडून गेले होते, ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यातले शंभरात पंचवीस. आता हा प्रयोग अगदी थोड्या मुलांवर झाला होता आणि १९८४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच डेटा परत तपासून त्यावर शंकाही घेतल्या, त्यामुळे मी हे आकडे पोस्टरवर छापणार नाही. पण मला त्यातली एक बाब फार आवडते. त्या व्हिडिओत टॉपर नव्हता, कंपनीचा मालक नव्हता. दोन पायऱ्या पुढचा मुलगा होता, ज्याच्याबद्दल "त्याचं वेगळं आहे" म्हणताच येत नाही.

आता खरी गोष्ट सांगते, त्यांना विचारून सांगतेय आणि ओळख पटू नये म्हणून थोडं इकडचं तिकडे केलंय. बुटीबोरी एमआयडीसीतल्या एका सूत गिरणीत मेंटेनन्सला असलेले एक भाऊ. वय पन्नाशीकडे झुकलेलं. कंपनीने ठरवलं की यांना आता ट्रेनर करायचं, आयटीआय करून आलेली पोरं यांच्या हाताखाली द्यायची, आणि त्यासाठी आधी यांचं ‘कम्युनिकेशन’ सुधारायचं. म्हणून माझ्याकडे पाठवले. पहिल्या दिवशी खुर्चीच्या टोकावर बसले, हेल्मेट मांडीवर, आणि म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, मले बोलता येत नाही. माह्ये हात चालतात, तोंड नाही चालत."

आता इथे बऱ्याच ट्रेनिंगमध्ये काय होतं तर लगेच "असं म्हणू नका, तुम्ही करू शकता" सुरू होतं. ते मला अजिबात झेपत नाही. समोरचा माणूस पंचवीस वर्षांचा पुरावा घेऊन आलाय आणि तुम्ही त्याला घोषणा देताय. मी म्हटलं, ठीक आहे, तोंड चालत नाही, मग रात्रपाळीला मशीन बंद पडलं की काय होतं? म्हणाले, फोन येते ना. कोणाचा? पोट्ट्यांचा. मग? मग सांगतो. काय सांगता? "आता ते काय सांगायची गोष्ट आहे का."

मी म्हटलं आहे, सांगा, शेवटचा फोन कोणता आठवतो.

मग हळूहळू निघालं. मे महिना, आपल्याकडचा मे म्हणजे तुम्हाला सांगायला नको, रात्री सुद्धा शेडमध्ये उभं राहवत नाही. कॉम्प्रेसर टेम्परेचरवर ट्रिप होत होता. ड्युटीवर नवीन पोरगा, एकटा, आणि हवेचं प्रेशर उतरलं की पुढची मशीनं थांबणार. त्याने फोन केला तेव्हा त्याला नीट बोलताही येत नव्हतं. भाऊंनी त्याला आधी विचारलं, "जेवला का?" पोरगा म्हणाला नाही. "बरं, डबा आहे ना? मग काम झालं की जेव. आता पॅनल बंद कर आणि हात कुठं लावू नको, गरम असन. आता कूलरपाशी जा. काय दिसून राहिलं ते सांग मले." पोरगा म्हणाला जाळी दिसते. "जाळीतून पलीकडचं दिसते का?" नाही. "मंग रुई बसली आहे तिच्यावर. एअर घे, पण समोरून नको मारू, आत जाऊन बसते ती, मागून मार." मग तेलाची काच बघायला लावली, मग थंड होईपर्यंत थांबायला लावलं, आणि तेवढा वेळ फोन न ठेवता त्याच्याशी त्याच्या गावाच्या बैलपोळ्याबद्दल बोलत राहिले.

हे सगळं सांगताना भाऊ खुर्चीच्या टोकावरून मागे सरकून नीट टेकून बसले होते, हेल्मेट खाली ठेवलं होतं आणि हाताने हवेत जाळी काढून दाखवत होते.

मी फक्त विचारलं की जेवला का हे आधी का विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं काय मी दोन अधिक दोन विचारलंय. "घाबरलेल्या मानसाले दुसरं काई ऐकू येत नाही ना मॅडम. पह्यले त्याले जाग्यावर आणा लागते." हे कुठे शिकलात? आणि मग त्यांच्या वस्तादांचं निघालं, जुन्या वर्कशॉपमधले, वारून बरीच वर्षं झाली, जे स्वतः चौथी शिकलेले आणि पोरगं चुकलं की आधी त्याला चहा पाजायचे आणि मग झापायचे. भाऊंनी त्या वस्तादांबद्दल बराच वेळ सांगितलं. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याने.

मी तेव्हाही म्हटलं नाही की बघा तुम्हाला बोलता येतं. ते मी म्हटलं असतं तर ते लाजून "नाही नाही" म्हणाले असते आणि गाडी परत पहिल्या स्टेशनवर. मी वहीत त्यांचीच वाक्यं लिहिली होती, ती वाचून दाखवली आणि विचारलं, हा माणूस कसा आहे असं वाटतं? थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मले स्टेजवर बोलता येत नाही. असं म्हना."

हा फरक छोटा वाटतो पण अख्खा खेळ तिथे आहे. "मला बोलता येत नाही" हा स्वभाव झाला, त्याला इलाज नाही. "स्टेजवर बोलता येत नाही" म्हणजे प्रॉब्लेम स्टेजचाही असू शकतो. आणि होताच. कंपनीने त्यांना कॉन्फरन्स रूममध्ये पीपीटी घेऊन उभं करायचं ठरवलं होतं, मी एचआरला सांगितलं की पीपीटी विसरा, पोरांना यांच्यासोबत मशीनपाशी उभं करा. सध्या तसंच चाललंय. पीपीटी दुसरं कोणी तरी करतं.

या पद्धतीला नाव आहे, नॅरेटिव्ह थेरपी, आणि कोचिंगवाल्यांनी यातलं पुष्कळ उचललंय. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचा मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचा डेव्हिड एप्स्टन या दोघांनी १९८० च्या दशकात ती उभी केली. व्हाइट आधी लहान मुलांच्या हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर होता आणि त्याचं सुरुवातीचं गाजलेलं काम कशावर तर चड्डीत शी करणाऱ्या पोरांवर. खरंच. आईबाप पोराला रागवतात, पोरगं आतल्या आत मिटून जातं, आणि सगळ्या घराला वाटतं की हे पोरगंच प्रॉब्लेम आहे. व्हाइटने काय केलं तर त्या शीलाच नाव दिलं, आपण मराठीत ‘लबाड शी’ म्हणू, आणि पोराला विचारायला लागला की ही लबाड शी तुला कधी फसवते, कधी तू तिला फसवलंस? आता पोरगं आणि आईबाप एका बाजूला, लबाड शी दुसऱ्या बाजूला. माणूस म्हणजे प्रॉब्लेम नाही, प्रॉब्लेम हाच प्रॉब्लेम, असं त्याचं म्हणणं. आणि प्रॉब्लेमने ठरवून दिलेल्या गोष्टीत न बसणारे जे प्रसंग असतात, कॉम्प्रेसरच्या फोनसारखे, ते शोधून काढायचे आणि त्यांच्याभोवती दुसरी गोष्ट विणायची.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं कारण नागपूरकरांना हे कोणी ॲडलेडहून येऊन शिकवायची गरज आहे का? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला आपण काय करतो? १८८० च्या दशकापासून या शहरात काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातले दोन मोठे पुतळे, सोबत दरवर्षी नवे बडगे, म्हणजे बाप्यांचे पुतळे, कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी डेंग्यूचा, आणि महाल-इतवारीच्या गल्ल्या भरून लोक ओरडतात, "रोगराई घेऊन जाऽऽ गे मारबत!" जे आतून खातंय त्याला बाहेर काढायचं, त्याला तोंड-डोळे काढायचे, गावभर मिरवायचं आणि जाळायचं. आपली पद्धत त्यांच्याहून जास्त आवाजाची आहे एवढंच.

त्यामुळे नंदनवनची एक पोट्टी, नीटचा तिसरा अटेम्प्ट, आईने जबरदस्तीने आणलेली, "मी ड्रॉपर आहे" अशी ओळख करून देणारी, तिला मी थेट म्हटलं, तुझ्या या टेन्शनचा बडग्या केला तर कसा दिसेल? तिने माझ्याच कागदावर काढला. मोठं डोकं, हातात मोबाइल. मोबाइल का? तर म्हणे, हा अभ्यास करताना येत नाही, टेस्टला पण येत नाही, काकूचा फोन आला की येतो. आणि बोलतो कोणाच्या आवाजात? काकूच्या. आई बाजूला बसलेली, तिला हसू की राग कळेना, कारण काकू म्हणजे तिची जाऊ. आम्ही नारा पण बनवला पण तो इथे लिहीत नाही, ती काकू फेसबुकवर असते. पोट्टीचा रँक काय आला ते मला विचारू नका, मुद्दा तो नाहीच. तिने स्वतःला ड्रॉपर म्हणणं बंद केलं आणि काकूंचे फोन आईने घ्यायचे असं घरात ठरलं, एवढं मला माहितीये.

पण कागदावर बडग्या काढून माणूस घरी गेला आणि घरचे सगळे अजून जुनीच गोष्ट सांगत असतील तर नवी गोष्ट किती टिकणार? फार नाही टिकत, हे मी बघितलंय. म्हणून साक्षीदार लागतात. व्हाइटने ही कल्पना बार्बरा मायरहॉफ या मानववंशशास्त्रज्ञ बाईंकडून घेतली, त्या कॅलिफोर्नियातल्या म्हाताऱ्या ज्यू लोकांमध्ये काम करायच्या आणि त्यांनी लिहिलं होतं की ज्यांना जग बघतच नाही ती माणसं एकमेकांसमोर आपली गोष्ट मांडून स्वतःला दिसती करतात. मी भाऊंच्या वेळी त्यांच्याच शॉपमधल्या दोघांना बोलावलं, त्यांना सांगितलं की कौतुक करायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐका आणि ऐकताना तुमचं तुम्हाला काय आठवलं ते सांगा. त्यातला एक जण म्हणाला की पहिल्या वर्षी मलाही भाऊंनी फोनवर जेवला का विचारलं होतं, मी विसरलो होतो. भाऊंचा चेहरा तेव्हा जो झाला तो माझ्या कुठल्याही वाक्याने झाला नसता.

आणि या शहरात राहून हे लिहिताना दीक्षाभूमीचं नाव न घेणं मला तरी जमणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत लाखो माणसांनी, पिढ्यान्पिढ्या दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली आपली गोष्ट नाकारली आणि २२ प्रतिज्ञा मोठ्याने, एकत्र म्हटल्या. त्याला कोचिंग-बिचिंगच्या पंगतीत बसवणं हा आचरटपणा होईल, तो धर्माचा, न्यायाचा आणि राजकारणाचा प्रश्न होता आणि आहे. पण माझ्यासारखीने त्यातून एक समजून घ्यावं, की तिथे कोणी एकट्याने आरशासमोर उभं राहून "मी कमी नाही" म्हटलं नव्हतं. शेजारी माणूस होता, त्याच्या शेजारी माणूस होता. आणि जी गोष्ट समाजाने लिहिलीय ती एका माणसाच्या डोक्यातली चूक समजून एसी रूममध्ये दुरुस्त करायला घेणं, हे आमच्या धंद्यात सर्रास चालतं. ज्याचा पगारच कमी दिलाय त्याला "तुमचं सेल्फ-इमेज बदला" सांगणारे कोच मला माहितीयेत. आधी पगार वाढवा बापा.

अजून एक चीड आणणारी गोष्ट म्हणजे शेवट गोड करायचा हट्ट. डॅन मॅकॲडम्स नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीचे, त्यांनी लोकांच्या आयुष्याच्या गोष्टी गोळा करून दोन वळणं वेगळी काढली, एकात वाईटातून चांगलं निघतं, दुसऱ्यात चांगल्यावर पाणी पडतं. पहिलं वळण जास्त असणारी माणसं सहसा जास्त समाधानी दिसतात. झालं, एवढं वाचून ट्रेनर लोक प्रत्येकाच्या दुःखातून ‘लेसन’ काढायला बसतात. पण खुद्द मॅकॲडम्सच म्हणतात की हे दुःखातून उजळून निघणं ही खास अमेरिकन आवड आहे. आपल्याकडे कोणी सांगतं की बाबा गेले आणि दुकान गेलं, तर त्यात लेसन नसतो. बाबा गेलेले असतात. तिथे गप्प बसून ऐकावं, दुकानाचं शटर कोणत्या रंगाचं होतं ते विचारावं.

आणि काही वेळा गोष्ट उघडायचीच नसते, निदान माझ्यासमोर तरी नाही. पेनबेकर आणि बिआल या संशोधकांचा १९८६ चा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, रोज पंधरा मिनिटं, सलग चार दिवस, आयुष्यातल्या सगळ्यात अवघड प्रसंगाबद्दल लिहायचं. ज्यांनी प्रसंग आणि त्यातल्या भावना दोन्ही लिहिल्या ते पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडे कमी वेळा गेले. पण ज्या भागाचं रील बनत नाही तो भाग असा की लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्त वाईट वाटत होतं. म्हणजे हे उघडणं फुकट नसतं. झोप उडालीय, जेवण सुटलंय, मरणाचे विचार येतायत असं काही कानावर पडलं की मी वही बंद करते आणि डॉक्टरकडे पाठवते, आणि तोवर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर हातात देते, तिथे मराठीत बोलता येतं. कोच म्हणजे डॉक्टर नाही. हे आमच्यातल्या काहींना व्हिजिटिंग कार्डवर छापून द्यायला पाहिजे.

मधे एका कॉलेजातून फोन आला होता. मॅडम, पोरांना इन्स्पायर करायचंय, तासभर या आणि तुमची जर्नी सांगा, रामटेक टू कॉर्पोरेट वगैरे टायटल ठेवू. मी म्हटलं येते, पण माझी गोष्ट पाच मिनिटांची आहे आणि त्यात फक्त चहा आहे, उरलेला वेळ पोरांच्या जोड्या लावून देईन, एक सांगेल, एक ऐकेल, मग उलटं, आणि तुम्ही सर लोकांनी पण त्यात बसायचं. पलीकडे थोडी शांतता. मग म्हणाले, प्रिन्सिपल सरांशी बोलून कळवतो. बॅनरवर माझा फोटो मोठा टाकायचा होता म्हणे. अजून तरी फोन आलेला नाही.